तळपायाची लाल गाठ पोरोमाच आहे हे कसं कळतं?

पेडण्याहून तुम्ही लिहिलंय, आईच्या तळपायाला वर्षभर लाल, ओलसर गाठ आहे. कुरूप समजून औषध लावलं, आता चालताना रक्त येतं. डॉक्टर 'पोरोमा' म्हणाले. नुसतं बघून ते ठरतं का?

नाही ठरत. पोरोमा ही घामाच्या नळीच्या पेशींची साधी गाठ, १९५६ पासून या नावाने ओळखली जाते. डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, अंदाज येतो, पण चामखीळ आणि रंग नसलेला मेलानोमाही अशीच दिसू शकतात, आणि मेलानोमा हा कॅन्सर आहे. म्हणून बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, हवीच. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या लहान पेशींचे रुंद पट्टे वरच्या त्वचेतून आत उतरलेले आणि त्यांत घामाच्या बारीक नळ्या दिसल्या, की निदान पक्कं. गाठ लहान असेल तर पूर्णच काढून तपासायला द्यावी, असं माझं मत. क्वचित अशा गाठीत कॅन्सर दडलेला असतो, आणि छोट्या तुकड्यात तो निसटू शकतो.

बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग विभागात दाखवा. तोवर कुरूपाची पट्टी आणि ब्लेड दोन्ही बंद. आईंना मधुमेह असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.