एफडीचे पैसे नव्या काडतुसासाठी? थांबा, भाऊ

प्रश्न : नागपूरच्या इतवारीत माझं सोन्याचांदीचं लहानसं दुकान आहे, घर वर्धमाननगरला. वडील गेल्यावर त्यांचं कानपूरचं .३२ बोरचं रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर आलं. अमेरिकेतला भाचा .३२७ फेडरल मॅग्नम या नव्या काडतुसाचं फार कौतुक करतो. ओळखीतला एक माणूस तसं रिव्हॉल्व्हर आणून देतो म्हणतो, दीड लाख आगाऊ मागतो. पुढच्या महिन्यात चार लाखांची एफडी पूर्ण होते आहे. मुलगी अकरावीत आहे. रात्री माल घेऊन घरी निघालो की छातीत धडधडतं. काय करू?

उत्तर : भाऊ, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण पुढचं वाचून होईपर्यंत त्याचा फोन यायचा. साध्या परवानाधारकाला परदेशी शस्त्र मागवायची वाट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. परवानगीशिवाय शस्त्र देशात आणणं शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली येतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा आणखी कडक झाली आहे. दीड लाख बुडणं हा यातला लहान धोका. मोठा धोका म्हणजे वडिलांपासून चालत आलेला परवाना, दुकान आणि घर, सगळंच पणाला लागेल.

आता काडतुसाबद्दल. भाचा चुकीचं सांगत नाही. फक्त ते आता तितकंसं नवं राहिलेलं नाही. रुगर या अमेरिकी कंपनीच्या एसपी१०१ या छोट्या रिव्हॉल्व्हरसोबत २००८ मध्ये ते बाजारात आलं. त्यामागचा विचार मला खरोखर आवडतो. खिशात मावेल एवढ्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं ठेवायच्या फिरत्या नळकांड्यात, .३८ किंवा .३५७ ची जाड काडतुसं साधारण पाचच बसतात. .३२७ बारीक, म्हणून तेवढ्याच जागेत सहा. मारा .३५७ च्या जवळ जाणारा, पण हाताला बसणारा धक्का त्याहून कमी. शिवाय १८९६ चं .३२ लाँग आणि १९८४ चं .३२ एच अँड आर मॅग्नम ही घराण्यातली जुनी काडतुसंही त्याच रिव्हॉल्व्हरमधून झाडता येतात. सरावाला हलकं, वेळ आली तर भारी. आवाज आणि ज्वाळा मात्र जबर, चार भिंतींच्या आत तर कान बधिर करणारा आवाज.

उलट मात्र, म्हणजे .३२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२७ चं काडतूस, चालत नाही, आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. वडिलांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालणाऱ्या .३२ लाँगसाठी कमाल दाब चौरस इंचाला १५ हजार पौंड धरलेला आहे, .३२७ साठी ४५ हजार. तिप्पट! शिवाय .३२७ चं काडतूस लांब असतं, वडिलांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते नीट बसणारच नाही. कोणी सिलिंडर आतून खोल करून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते तुमच्याच हातात फुटेल.

पैशाच्या दृष्टीने पाहिलं तर रिव्हॉल्व्हर एकदा घ्यायचं असतं, काडतुसं दरवर्षी. इतकं गुणी असूनही .३२७ त्याच्या जन्मभूमीतही घरोघरी पोचलेलं नाही. ते झाडणारी रिव्हॉल्व्हरं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच. नागपुरात तर ते मिळणारच नाही. तुमच्या .३२ ची काडतुसं खडकीच्या कारखान्यात बनतात आणि परवाना दाखवला की दुकानात मिळतात. जे काडतूस सरावाला आणता येत नाही, त्याच्या गुणांचा तुम्हाला काय उपयोग?

मग देशी नवं .३२ घ्यावं का? निर्भीक हे .३२ चं देशी रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं तेव्हा वजन साधारण अर्धा किलो आणि किंमत सुमारे १ लाख २२ हजार होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. सोन्यासारखं ते पुन्हा मोडताही येत नाही. विकायचं तर परवानाधारकालाच, नियमाने. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. म्हणून हा खर्च समजा, गुंतवणूक म्हणू नका. वडिलांचं रिव्हॉल्व्हर परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. ते ठणठणीत असेल तर नव्याची गरज मला दिसत नाही.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. भीती मालाची आहे आणि जिवाचीही. रात्री दोघं मोटरसायकलवरून आले, तर पाच काडतुसं की सहा याचा हिशोब करायला वेळ मिळत नाही. माल विम्यात असेल तर पिशवी सोडून द्यायला मन धजतं. हे मी फार कळकळीने सांगतो आहे, कारण विमा नसलेला सराफ पिशवी सोडत नाही.

सराफांसाठी ज्वेलर्स ब्लॉक नावाची विमा पॉलिसी असते. तिच्यात दुकानातला माल, तुमच्या किंवा नोकराच्या ताब्यातला माल आणि वाटेतला माल असे वेगवेगळे भाग असतात. विचारताना नेमकं विचारा : दुकान ते घर, रात्रीचा प्रवास धरला आहे का? घरी ठेवलेला माल धरला आहे का? बंद दुकानात तिजोरीबाहेर राहिलेल्या मालाची भरपाई सहसा मिळत नाही, आणि नोकरानेच चोरी केली तर त्याचीही. बँक लॉकर हा चांगला पर्याय आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. १ जानेवारी २०२२ पासून चोरी, आग किंवा बँक कर्मचाऱ्याच्या लबाडीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकीच आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. तुमचा माल किती, ते तुम्हाला ठाऊक.

चार लाखांतले तीन मुलीसाठी पुन्हा दोन वर्षांच्या एफडीत ठेवा. सात टक्के धरले तर बारावीनंतरच्या प्रवेशाच्या वेळी, कर कापण्याआधी, साधारण ३ लाख ४४ हजार हाती येतील. उरलेल्या लाखातून आधी विम्याचा हप्ता, मग दुकानाचे कॅमेरे आणि घरी जमिनीला बोल्ट केलेली तिजोरी. उरलं तर सरावाची काडतुसं घ्या, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत.

आणि त्या माणसाकडे तुमच्या परवान्याची झेरॉक्स दिली असेल तर या आठवड्यातच परत मागा. त्याने ती परत दिली नाही, तर पोलीस आयुक्तालयात परवाना शाखेला लेखी कळवा आणि पोच घ्या.