सारस जरूर करा, पण दुखण्यावरचं औषध आधी

पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करण्याचं, काम करते म्हणून कागदी सारसांबद्दलची पत्रं माझ्याकडे येतात. हजार सारस केले की इच्छा पूर्ण होते, अशी जपानी समजूत आहे, म्हणून कॉलेजची मुलं, महिला मंडळं रुग्णांसाठी ओरिगामीचे, म्हणजे कागदाच्या घड्या घालून केलेले, सारस नेतात. काम चांगलंच आहे. पण तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा येताहेत, म्हणून एकदाच उत्तरं देते.

कागद कोणता घ्यावा?
साडेसात सेंटिमीटरचा चौरस, पातळ आणि कोरडा. चमकी नको, अत्तर नको.

जपानच्या आजारी सदाकोचे 644 सारस झाले आणि ती गेली, म्हणून हजार पूर्ण व्हायलाच हवेत, असा मेसेज आलाय. खरं आहे का?
नाही. हिरोशिमावर 1945 मध्ये बॉम्ब पडला तेव्हा सदाको सासाकी दोन वर्षांची होती. 1955 मध्ये तिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला. हॉस्पिटलमध्ये औषधांच्या वेष्टनांचेसुद्धा तिने सारस केले आणि हजाराचा आकडा ओलांडला, असं तिच्या भावानेच सांगितलं आहे. तरीही त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला ती गेली. आज ल्युकेमियाची अनेक मुलं पूर्ण उपचार घेऊन बरी होतात. तेव्हा सारस मोजण्यापेक्षा उपचाराच्या तारखा पाळा.

'ऊर्जाभारित' सारसांचा संच ऑनलाइन मिळतो. घ्यावा का?
घेऊ नका. आजारी माणसाच्या घरच्यांची घालमेल विकून कमावलेला तो पैसा आहे. तेवढ्यात पेशंटच्या किती फेऱ्यांचं रिक्षाभाडं निघेल!

केमो चालू असलेल्या वॉर्डात माळा टांगल्या तर चालतील?
आधी वॉर्डच्या सिस्टरना विचारा. पांढऱ्या पेशी उतरल्या की संसर्ग पटकन होतो, तेव्हा ताजी फुलंही आत नेऊ देत नाहीत. टांगलेल्या कागदावर धूळ बसते आणि तो पुसताही येत नाही. सर्दी-खोकला असलेल्याने तिकडे फिरकूच नये. आणि केमोनंतर ताप 100.4 च्या वर गेला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

आईला कॅन्सरमुळे रात्रभर दुखतं. स्वयंसेवक म्हणतात, सारस करण्यात मन रमलं की दुखणं विसरायला होतं. डॉक्टरांनी मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक सुचवलंय, पण मामा म्हणतात ते अगदी शेवटी देतात, शिवाय सवय लागते. थांबावं का?
एक दिवससुद्धा थांबू नका. मन रमल्याने घटकाभर बरं वाटतं, ते खोटं नाही. पण रात्री दोन वाजता आईजवळ स्वयंसेवक नसतो, दुखणं असतं. आमच्याकडे एक आजोबा होते. नातवंडांनी पलंगावर चाळीस सारस टांगले होते आणि मणक्याच्या दुखण्याने त्यांना मान वर करून ते बघता येत नव्हते. घरच्यांनी दोन महिने मॉर्फिन 'राखून' ठेवलं होतं. ते सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी आजोबांनी विचारलं, "तो पिवळा कुणी केला?"

मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवर ठरतं, किती दिवस उरलेत त्यावर नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलं तर व्यसन लागणं विरळा. सुरुवातीला मळमळ आणि गुंगी येते, ती बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र राहतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालंय. तुमच्या भागात मिळत नसेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडून पॅलिएटिव्ह केंद्राची चिठ्ठी घ्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून मोफत सेवा देतंय, मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे. मामांनाही सोबत न्या, त्यांच्या शंका तिथेच फिटतील.

बाबांची केमो चालू आहे. त्यांना सारस करायची हौस आहे, पण चोच दुमडताना कागद निसटतो. बोटं बधिर झालीत म्हणतात. सोपी घडी सांगाल का?
घडीचं नंतर बघू. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन अशा काही केमो औषधांनी हातापायाच्या नसांना इजा होते. शर्टाची बटणं लागत नाहीत, पायातली चप्पल कळत नाही, ही त्याचीच लक्षणं. वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, ते त्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या सलाइनच्या आधी ठरवायला हवं. म्हणून आजच फोन करा, आणि कागद निसटतो हेही सांगा.