सीवीड कशासोबत द्यायचं, गांडूळखत की १९:१९:१९?

प्रश्न: ताई, गच्चीवर टोमॅटो आणि मिरचीच्या बारा कुंड्या आहेत, मी गांडूळखत घालते पण मिस्टर म्हणतात १९:१९:१९ हे रासायनिक खत दे, आता सीवीडची म्हणजे समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली आणलीये तर ती नक्की कशासोबत चालेल?

उत्तर: दोन्हीसोबत चालते, भांडण मिटवा आधी! पण सीवीड म्हणजे खत नव्हे हे लक्षात घ्या, त्यात नत्र-स्फुरद अगदी नावाला असतं, थोडं पालाश आणि मुळं-फुटव्यांना चालना देणारे ऑक्झिन-सायटोकायनिनसारखे घटक (झाडांची वाढ-संप्रेरकं) असतात, म्हणजे भाजीतला मसाला समजा, मसाल्याने पोट भरत नाही. गांडूळखत हळूहळू लागू पडतं कारण आधी जिवाणूंनी ते फोडावं लागतं, पण ते अन्न आहे, ते सोडून फक्त बाटलीच्या भरवशावर राहिलात तर खालची पानं पिवळी पडणारच. मिस्टरांचं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) पाण्यात विरघळतं आणि लगेच मिळतं, पण कुंडीत ते जास्त झालं की पानांच्या कडा करपतात, म्हणून लिटरला एखाद-दोन ग्रॅम, बास.

सीवीड लिटरला २ मिली, संध्याकाळी, पंधरा दिवसांतून एकदा फवारा, बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर तेच ऐका. एक मात्र करू नका, कॅल्शियम नायट्रेट या खताच्या दाट द्रावणात ते ओतू नका, सीवीडमधलं अल्जिनेट (शेवाळातला चिकट पदार्थ) कॅल्शियमशी जुळून घट्ट होतं, माझ्या पंपाचं नोझल एकदा असंच तुंबलं आणि मी अर्धा तास टाचणीने कोरत बसले होते. शंका असेल तर आधी काचेच्या ग्लासात थोडं थोडं मिसळून बघा, गुठळ्या दिसल्या तर दोन्ही वेगवेगळ्या दिवशी द्या.