महिलांच्या प्रोफेशनल बेसबॉलमध्ये खरी ऑलराउंडर कोण?

माझं उत्तर डोरिस सॅम्स. अमेरिकेत १९४३ ते १९५४ मुलींची प्रोफेशनल लीग होती, त्यात ही टेनेसीच्या नॉक्सव्हिलची चष्मा लावणारी पोरगी १९४६ ला मस्कीगन लॅसीज टीममध्ये आली आणि १९५३ पर्यंत खेळली. पिचिंग करायची, म्हणजे बॅटरला बॉल टाकायची, आणि पिचिंग नसेल त्या दिवशी आउटफिल्डमध्ये उभी राहायची, कारण तिची बॅटिंग बाहेर बसवणं टीमला परवडणारच नव्हतं!

१९४७ मध्ये फोर्ट वेन डेझीजविरुद्ध तिने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे २७ बॅटर आल्या आणि २७ च्या २७ आउट, एकीलाही पहिल्या बेसवर पाय टेकवता आला नाही. त्या वर्षी प्लेअर ऑफ द इयर तीच, १९४९ ला परत तीच, आणि त्या सीझनला बॅटिंगमध्येही पहिली.

आणि हे सगळं लीगचे नियम बदलत असताना हं. बॉल लहान होत गेला, पिचिंग साइडआर्मवरून (हात बाजूने फिरवून टाकणं) १९४८ ला ओव्हरहँड (हात खांद्यावरून आणून टाकणं) झालं, अशात कितीतरी पिचर मागे पडल्या, ही टिकली. १९५२ ला तर १२ होमरन मारले, तेव्हा तो लीगचा रेकॉर्ड होता. स्कर्ट घालून स्लाइड करायचं, म्हणजे बेस गाठायला जमिनीवर घसरत जायचं, मांड्या सोलून निघायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत मॅच, हे पण लक्षात घ्या.