तारीख बरोबर सांगतो म्हणून वेळ कळते असं नाही

तुमचा भाऊ तारीख-वार बिनचूक सांगतो, पण दोन तासांपूर्वीचं जेवण ‘परवाचं’ म्हणतो आणि घरच्यांना ते सोंग वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. सोंग नाही ते. स्किझोफ्रेनिया मलाही आहे आणि माझं अगदी असंच व्हायचं. औषधांचं वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच.

तारीख फोनवर बघून सांगता येते. वेळ पुढे सरकतेय हे आतून जाणवणं निराळं. आजार बळावला की समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात दुसऱ्याच कुणी कधीतरी केलेली वाटायची. प्रयोगांतही दिसलंय, की दोन प्रकाश एकामागून एक लागले हे ओळखायला या आजारात मधलं अंतर जास्त लागतं. मिन्कोव्स्की या मानसोपचारतज्ज्ञाने तर शंभरेक वर्षांपूर्वीच ‘जगलेल्या काळा’बद्दल, म्हणजे घड्याळातल्या नव्हे तर आतून जाणवणाऱ्या वेळेबद्दल, लिहून ठेवलंय.

हे सगळं एका कार्यालयाला मात्र पटवता आलं नाही. मदतीच्या अर्जासाठी गेलो तर वार, महिना, वर्ष विचारलं. सगळं बरोबर. शेरा पडला: ‘कालभान व्यवस्थित’. बाहेर बाकावर दहा मिनिटं बसलो होतो की अर्धा दिवस, हे मला सांगता आलं नसतं. पण ते कुणी विचारलंच नाही. पुढच्या भेटीला उशिरा पोचलो, तर ‘सहकार्य नाही’ म्हणून फाइल बंद! म्हणजे वेळ कळते म्हणून मदत नाही, आणि वेळ पाळली नाही म्हणूनही नाही. दोन्ही शेरे एकाच कागदावर, एकाच शिक्क्याखाली. अपिलातही कुणाला त्यात विसंगती दिसली नाही. अजून चीड येते.

म्हणून आतापासूनच नोंदी ठेवा. ‘किती वेळ झाला असं वाटतं?’ हे सहज विचारा, परीक्षा घेतल्यासारखं नको. त्याचं उत्तर आणि घड्याळातली वेळ शेजारी-शेजारी लिहा. रोजच्या कामात काय अडतं तेही डॉक्टरांकडून लेखी घ्या. ‘परवा नाही, दुपारी जेवलास’ असा वाद घालू नका, माझ्या मते त्याने फक्त तो बोलायचा बंद होईल.

मी डॉक्टर नाही. तारीख-जागाच अचानक कळेनाशी झाली तर मात्र वाट बघू नका, त्यामागे ताप, संसर्ग किंवा औषधाचा परिणामही असू शकतो. औषधांच्या गुंगीनेही तास गायब होतात. तरी गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नका.

आणि हो, घड्याळ काट्यांचं घ्या. किती वेळ उरलाय ते डोळ्यांना दिसतं. टिकटिक न करणारं बघा, मला तो आवाज सहन व्हायचा नाही.