लेदर स्टिअरिंग घासलंय? कव्हर घालायच्या आधी वाच

अरे भावा, जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियाचं स्टिअरिंग चकाकतंय म्हणजे लेदर गेलं असं नाही, निम्मी चकाकी हाताच्या तेलाची आणि घामाची असते. आधी लेदर क्लीनर आणि मऊ ब्रश घेऊन फडकं काळं यायचं थांबेपर्यंत घास, बऱ्याच वेळा तिथेच काम संपतं.

रंगच उडाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घास, बारीक चिरा असतील तर लेदर फिलर (चिरा भरायची पेस्ट) भर, आणि मग लेदरचा डाय (रंग) स्पंजने लाव, पण पातळ हात, चार-पाच, प्रत्येक हात सुकू दे. घाई केलीस की रंग तळहाताला लागतो (माझा पांढरा शर्ट गेलाय त्यात). शेवटी मॅट टॉपकोट (रंगावरचा बिनचकाकीचा संरक्षक थर) लाव आणि एक दिवस गाडी चालवू नकोस.

बुटाचं पॉलिश, खोबरेल तेल अजिबात नको, वळणावर हात सटकेल. आणि स्टिअरिंग काढायच्या भानगडीत पडू नको, आत एअरबॅग आहे, मास्किंग टेप लावून जागेवरच होतं. शिवण उसवली असेल तर मात्र सरळ सीटकव्हरवाल्याकडे जा, तो नवीन लेदर शिवून देईल.