गेलिक सामन्यांवरची टीव्ही चर्चा ऐकताना

आयर्लंडमध्ये नवीन आहात आणि गेलिक फुटबॉल, हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा खेळ) हे तिथले खेळ समजून घ्यायचेत? मग आधी सामना पाहा, तज्ज्ञांचं नंतर ऐका. नाहीतर त्यांचीच मतं तुमची होऊन बसतात.

आरटीई या सार्वजनिक वाहिनीचा 'द संडे गेम' हा या सामन्यांवरचा कार्यक्रम १९७९पासून चालू आहे. तिथे बोलणारे बहुतेक जण माजी खेळाडू, आणि संघ काउंटीचे, म्हणजे जिल्ह्यांचे असतात; त्यामुळे बोलणारा कुठल्या काउंटीचा हे आधी बघायचं. तिथले एकेकाळचे तज्ज्ञ पॅट स्पिलेन केरी काउंटीचे, ऑल-आयर्लंड या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या आठ पदकांचे मानकरी. २००३च्या उपांत्य सामन्यात टिरोन काउंटीने केरीच्या खेळाडूंना घेरून घेरून हरवलं, तेव्हा त्यांनी त्या खेळाला 'प्यूक फुटबॉल' म्हटलं, म्हणजे बघून ओकारी यावी असा. आणि त्याच वर्षी टिरोनने पहिलंवहिलं ऑल-आयर्लंड जिंकलं! तेव्हा असली विधानं ऐकायची मजेने, पण मनात अर्धीच धरायची.

गुण मोजायला मात्र लगेच शिका. १-१५ म्हणजे एक गोल, पंधरा पॉइंट, एकूण अठरा; कारण गोलचे तीन, पॉइंटचा (चेंडू आडव्या दांड्यावरून गेला की) एक. फुटबॉलमध्ये २०२५पासून गोलपासून ४० मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटचे दोन मिळतात, हर्लिंगमध्ये नाही. म्हणून बचावात्मक फुटबॉलवरच्या जुन्या चर्चा आजच्या सामन्यांना जशाच्या तशा लावू नका.

टीजी४ या वाहिनीवर समालोचन आयरिश भाषेत असतं. कळत नसलं तरी लावा; नजर आपोआप मैदानावर राहते. काही सामने पैसे भरूनच दिसतात, त्यावरून दर उन्हाळ्यात वाद होतो. त्यात पडू नका, निदान पहिल्या वर्षी तरी.